ती परत का जाते?

‘एवढा मार खाऊन बाई पुन्हा त्याच घरात जाते, म्हणजे तिलाच ते आवडत असणार,’ हे वाक्य मला दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी ऐकावे लागते. बोलणारी बहुधा पेशंटची जाऊ असते, शेजारीण असते, कधी कधी सख्खी आई असते. त्या बोलण्यात दुष्टपणा नसतो, थकवा असतो. दोनदा रिक्षा करून मुलीला माहेरी आणलेले असते, जावयाला चार शब्द सुनावलेले असतात, भावाने रजा टाकून पोलीस ठाण्यात बसून काढलेली असते, आणि पंधरा दिवसांनी ती आपल्या पायांनी परत गेलेली असते. मग घरचे म्हणतात, आता तुझे तू बघ.

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातील ताप यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण मला तो आरोग्याचाच वाटतो. कारण ही बाई ‘डॉक्टर, झोप नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘डोके उठते’, ‘अंगात कणकण आहे’ अशा तक्रारी घेऊनच येते. मुका मार लागलेला असला तर कारण ‘बाथरूममध्ये घसरले’ हे असते. मारणाऱ्या माणसाशी जडलेली जी ओढ तिला परत नेते, तिला मानसशास्त्रात ‘ट्रॉमा बाँड’ म्हणतात. मराठीत आपण आघातबंध म्हणू. १९८१ साली डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या कॅनडातील दोघा अभ्यासकांनी या बंधाची मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन गोष्टी एकत्र आल्या की असा बंध तयार होतो. एक, नात्यात एकाचे वजन फार आणि दुसऱ्याचे फार कमी असणे. दोन, वाईट वागणुकीच्या मधूनमधून चांगली वागणूक मिळत राहणे, आणि ती केव्हा मिळेल याचा भरवसा नसणे.

यातली दुसरी गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे मटक्याच्या आकड्यावर पगार उडवणारी माणसे सर्वांनी पाहिली आहेत. तो माणूस रोज हरत असता तर दोन महिन्यांत सुटला असता. तो सुटत नाही, कारण कधीतरी, न सांगता, आकडा लागतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरांवर दाखवले होते. चोच मारली की दरवेळी दाणा देऊन नंतर तो बंद केला, तर कबूतर थोड्या वेळाने कंटाळते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लावली तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारीत राहते. मारहाणीच्या घरात नेमका असाच दाणा पडत असतो. चार दिवस शिवीगाळ, एक दिवस मार, आणि मग एका संध्याकाळी तो गजरा घेऊन येतो, रडतो, ‘तुझ्याशिवाय माझे कोणी नाही’ म्हणतो. ही एक संध्याकाळ त्या पाच दिवसांना पुरून उरते.

शरीराचाही यात मोठा हात असतो. भीतीच्या क्षणी अंगात ताणाची संप्रेरके उसळतात. हृदय धावते, स्नायू आखडतात. मग वादळ शमते, आणि जी सुटका वाटते ती इतकी गोड असते की ती देणारा माणूस तारणहार वाटू लागतो. ज्या हाताने मारले त्याच हाताने हळद लावली. भीती त्याची आणि दिलासाही त्याचाच. बाहेरची माणसे तोडलेली असतात, मैत्रिणींचे फोन बंद झालेले असतात, तेव्हा दिलासा मागायला दुसरे दारच नसते. लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मारहाणीच्या या चक्राचे तीन टप्पे सांगितले होते: ताण साचतो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाडीगोडी. प्रत्येक घरात हे असेच घडते असे नाही. माझा अनुभव असा, की वर्षे सरतात तसा तिसरा टप्पा आखडत जातो. गजरा बंद होतो. नुसते ‘आज काही झाले नाही’ हेच प्रेम वाटू लागते.

वसईत राहून या विषयावर लिहायचे आणि श्रद्धा वालकरचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. ही वसईची मुलगी. कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारी, मोबाइलवरील डेटिंग अ‍ॅपमधून ओळख झालेल्या तरुणाबरोबर घरच्यांच्या विरोधाला न जुमानता राहायला गेलेली. १८ मे २०२२ रोजी दिल्लीत तिचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये तिच्या वडिलांनी माणिकपूर पोलीस ठाणे गाठले, नोव्हेंबरमध्ये तिच्या जोडीदाराला अटक झाली आणि पुढचे सारे देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या साकेत न्यायालयाने त्याच्यावर खुनाचे आणि पुरावा नष्ट केल्याचे आरोप निश्चित केले. वडील विकास वालकर फेब्रुवारी २०२५ मध्ये वसईतच वारले. खुनाचा तपशील मी येथे देणार नाही. तो पुरेसा, किंबहुना गरजेपेक्षा जास्त, चघळून झाला आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते दीड वर्ष आधीचे एक पान. २३ नोव्हेंबर २०२० रोजी श्रद्धाने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलिसांना लेखी तक्रार दिली होती. तो सहा महिन्यांपासून मारतो आहे, आज माझा श्वास कोंडून मारायचा प्रयत्न केला, ठार करून तुकडे करण्याची धमकी देतो, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक आहे, आणि मला यापुढे त्याच्याबरोबर राहायचे नाही, असा त्या तक्रारीचा आशय होता. मित्रमंडळींनी आणि कामावरच्या वरिष्ठाने त्या दिवसांत तिला मदतही केली. पुढच्याच महिन्यात तिने आमच्यात आता वाद नाही असे लिहून दिले आणि तक्रार मागे घेतली. त्याच्याबरोबर राहणे चालू राहिले.

न तपासलेल्या माणसाचे निदान करणे आमच्या व्यवसायात बसत नाही, म्हणून श्रद्धाच्या मनात काय चालले होते यावर मी बोलणार नाही. पण तक्रार दिल्यानंतर महिन्याभरात ती मागे घेणे, ही गोष्ट या दुखण्याच्या इतक्या पेशंटमध्ये दिसते की ती त्या दुखण्याच्या लक्षणांतच धरली पाहिजे. तापात माणूस बरळला तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. जबाब मागे घेणाऱ्या बाईला मात्र पोलीस, वकील, नातेवाईक सगळे खोटारडी ठरवतात आणि फाइल बंद होते. तक्रार मागे गेली म्हणून धोका मागे जात नसतो. माझ्या मते असा जबाब घेताना तिला एकटीला बसवून विचारायला हवे, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला हवे. हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. आजारी माणसाला ‘बरे वाटते’ म्हटल्यावर डॉक्टरही लगेच घरी सोडत नाहीत.

२०२२ च्या त्या हिवाळ्यात आपल्याकडे चर्चा रंगली ती मुलगा कुठल्या धर्माचा यावर, आणि मुलींनी लग्नाशिवाय राहावे का यावर. माझ्या कपाटातल्या केस पेपरांवर सर्व धर्मांची आणि जातींची नावे आहेत. बहुतेकांची लग्ने पत्रिका जुळवून, मानपान करून झालेली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे सकाळच्या विरार लोकलच्या महिला डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईपर्यंत चौघी मोजल्या, तर त्यांत एखादी असण्याचा संभव आहे. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. पुरुषही अशा बंधात सापडतात, म्हाताऱ्या आईचा मुलाशी असा बंध असू शकतो. मी ‘ती’ लिहिते आहे, कारण दवाखान्यात बहुतांशी तीच येते.

गळा दाबला असेल तर

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. चापट मारणे आणि गळा दाबणे यांत फार फरक आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये ज्यांचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबला होता, त्यांचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सातपट होती. तेव्हा ‘रागात गळ्याला हात लावला, पण लगेच सोडला’ हे कानावर आले तर ते वाक्य ऐकून सोडून देऊ नका.

मानेवर वळ नाहीत म्हणून काही झाले नाही असेही समजू नये. पुष्कळदा मानेवर काहीच उमटत नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणे, नकळत लघवी होणे, नंतर डोके जड होणे, यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जावे. मानेतील रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होऊन काही दिवसांनी पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत. डॉक्टरांना खरे कारण सांगावे आणि केस पेपरवर ते लिहून घ्यावे. आज तक्रार करायची नसली तरी तो कागद उद्या उपयोगी पडतो.

धोका वाढल्याची आणखी लक्षणे अशी: मारण्याची धमकी देताना तो ‘कसे’ मारीन तेही सांगू लागतो. घरात कोयता, सुरी दाखवतो. पूर्वी महिन्याने होणारा मार आठवड्याने होतो. गरोदरपणातही हात थांबत नाही. आणि सर्वांत नाजूक काळ म्हणजे ती निघण्याचे ठरवते तो, व निघाल्यानंतरचे पहिले काही महिने. म्हणून ‘मी जाते आता’ असे त्याला सांगून निघू नये. भांडणात तर मुळीच नाही. आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, थोडे रोख पैसे आणि रोजच्या गोळ्या हे एका पिशवीत विश्वासाच्या घरी आधीच ठेवावे, आणि दिवस व वेळ मोजक्याच माणसांना माहीत असावी.

घरच्यांनी काय करावे? प्रथम हे, की बैठक घालू नये. आपल्याकडे रीतच आहे. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे जमतात, चहा होतो, तो मान खाली घालून ‘पुन्हा नाही होणार’ म्हणतो, तिला समजूत घालून पाठवतात. ज्या चक्राविषयी वर लिहिले त्यातला तिसरा टप्पाच या बैठकीत सर्वांच्या साक्षीने पार पडतो! तिथे ती त्याच्यासमोर खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. जिथे मारहाण आणि दहशत आहे तिथे नवराबायकोचे एकत्र समुपदेशनसुद्धा मी सुचवीत नाही. दोघांना वेगवेगळे भेटावे.

दुसरे, अटी घालू नयेत. ‘आता गेलीस तर आमचे दार बंद’ हे आईबाप जीव तुटून बोलतात हे मला कळते. पण त्या माणसाला हवे असते तेच यातून घडते. तिचे शेवटचे दार बंद होते, आणि मग दिलासा फक्त त्याच्याकडेच उरतो. पोलिसांत जायला सांगा, हॉस्पिटलमध्ये न्या, पण ती परत गेली तर आठवड्यातून एक साधा फोन चालू ठेवा. ‘पापड केलेत, पाठवू का?’ एवढा पुरतो. त्याची निंदा नको. निंदा सुरू केली की ती त्याची बाजू घेऊ लागते, हा अनुभव बहुतेक आयांना असेल. श्रद्धाच्या बाबतीतही तिचा फोन बरेच दिवस बंद लागतो हे आधी तिच्या मित्राच्या लक्षात आले आणि त्याने ते तिच्या भावाला कळवले, तेथून शोध सुरू झाला. फोन करणारे कोणीतरी असावे लागते.

सुटल्यानंतर

सुटका झाली की आनंद होईल अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात पहिले आठवडे फार वाईट जातात. दारू सोडणाऱ्याला जसा त्रास होतो तसाच हा असतो. जेवण जात नाही, रात्री दोनला जाग येते, दिवेलागणीला जीव कासावीस होतो, त्याच्या आवाजासाठी कान तळमळतात. ‘तो जेवला असेल का?’ अशी काळजी वाटते. हे ऐकून घरचे संतापतात आणि ती स्वतःला वेडी समजू लागते. वर ज्या डटन आणि पेंटर यांचा उल्लेख केला, त्यांनी १९९३ साली अशा नात्यांतून बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर त्यांची ओढ सरासरीने सुमारे २७ टक्क्यांनीच कमी झाली होती. पाव हिश्श्याहून थोडी जास्त, एवढेच. म्हणजे सहा महिने झाले तरी आठवण येते यात अस्वाभाविक काही नाही. पण ओढ कमी होत होती, हेही तितकेच खरे.

मी अशा पेशंटना एक वही करायला सांगते. त्यात तारीख घालून झालेली घटना लिहायची. काय झाले, कुठे लागले, मुले कुठे होती. भावना लिहायला नको, नुसती हकीकत. संध्याकाळी ओढ दाटून आली की मनाला गजराच आठवतो, मार आठवत नाही. तेव्हा ती वही उघडायची. अर्थात ती त्याच्या हाती लागणार नाही अशा जागीच ठेवायची. एका बाईने ती मैत्रिणीच्या घरी पिठाच्या डब्यामागे ठेवली होती, आणि वाचायला म्हणून रोज तिच्याकडे जात होती. वहीपेक्षा त्या जाण्यानेच तिला जास्त गुण आला असावा.

संपर्क शक्यतो पूर्ण तोडावा. ‘शेवटचे एकदा भेटू’ ही भेट शेवटची नसते. मुलांमुळे बोलणे भाग असेल तर तिसऱ्या माणसामार्फत किंवा लेखी, आणि फक्त मुलांपुरते. जुने मेसेज वाचीत बसू नये. पण पुरावा म्हणून ते पुसूही नयेत, कोणाकडे तरी काढून ठेवावेत. दिवसाला आकार हवा. ठरलेल्या वेळी जेवण, थोडे चालणे, जमल्यास काम. स्वतःची कमाई हे या दुखण्यावरचे मोठे औषध आहे. बंधाची पहिली अट एकाचे वजन कमी असणे ही होती, ती इथे मोडते.

झोपेच्या गोळ्या मात्र केमिस्टकडून परस्पर घेऊ नयेत. महिन्यानंतरही भयानक स्वप्ने, दचकणे, घटना डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहणे, जीव नकोसा वाटणे हे चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. आघातानंतरच्या अशा विकारावर बोलण्यातून करायचे खास उपचार आहेत आणि ते जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केलेले आहेत. नैराश्य जोडीला असेल तर औषधांचा चांगला उपयोग होतो. मुलांकडेही लक्ष हवे. अंथरूण ओले करणारा आठ वर्षांचा मुलगा लहानपणाचे खेळ करीत नसतो, तो अजून घाबरलेला असतो.

मदत कोठे मिळते

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. लग्न न करता पतिपत्नीसारखे एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो, हे अनेकींना ठाऊक नसते. या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याने जवळ येऊ नये असा आदेश मिळू शकतो, राहत्या घरातून बाहेर काढण्यास मनाई होऊ शकते, खर्चाची रक्कम मागता येते. मार लागलेल्या स्त्रीने मागणी केल्यास हॉस्पिटलने वैद्यकीय मदत दिलीच पाहिजे, असेही तो सांगतो. मुंबईला कामाला जाणाऱ्यांना वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलातील ‘दिलासा’ केंद्राची माहिती असावी. महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ते सुरू केले, आणि हॉस्पिटलच्या आतच असल्याने ‘डॉक्टरकडे जाते’ म्हणून तेथे जाता येते.

तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. नवरा मोबाइल तपासत असेल तर हे फोन शेजारणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून करावेत. तेही जमत नसेल तर जवळच्या डॉक्टरकडे डोके दुखते म्हणून जावे आणि तो बरोबर आला असेल तर बी.पी. मोजताना हळूच ‘एकटीशी बोलायचे आहे’ एवढे सांगावे. त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचे काम आमचे.